बाप्तिस्मा : विधी आणि नेम – मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनातील कराराच्या पालनाचा विचार

प्रास्ताविक

दीक्षा आणि आचरण यांचा परस्परसंबंध हा वऱ्हाडच्या धार्मिक जीवनातील जुना प्रश्न आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या तहामुळे नोंदले गेले आहे. परंतु परिसरातील भाविकांना ते नाथपरंपरेतील देवनाथ महाराजांच्या मठामुळे अधिक परिचित आहे. याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे स्थान म्हणून महानुभावांना पूज्य आहे. त्या पंथात उपदेश घेतला की आचाराची बांधिलकी येते. ‘सूत्रपाठा’त आचाराला स्वतंत्र प्रकरण आहे, हे या संदर्भात लक्षणीय आहे. गावोगावचा माळकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, तेव्हा एकादशी, पंढरीची वारी आणि मद्यमांसाचा त्याग हे नेमही तो पत्करतो. माळ घालून नेम मोडणाऱ्याला लोक नावे ठेवतात, ती माळेला नव्हे. दुसऱ्या बाजूला, अंजनगाव सुर्जी तालुक्यातीलच शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) जन्मगाव. बाबांनी कोणाला मंत्र दिला नाही, कोणाला शिष्य केले नाही. आचरण हाच त्यांचा संपूर्ण धर्म होता.

म्हणजे विधीतून नेमाकडे जाणारी आणि विधीवाचून नेम पाळणारी, अशा दोन्ही वाटा या प्रदेशाला ठाऊक आहेत. ख्रिस्ती धर्मातील बाप्तिस्मा या संस्काराचा विचार मराठी समीक्षेने मात्र या अंगाने फारसा केलेला नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यावरील लेखनात बाप्तिस्मा प्रामुख्याने ‘धर्मांतर’ या सामाजिक घटनेच्या रूपात येतो. कोणी, केव्हा, कोणाच्या प्रभावाने धर्म बदलला आणि त्यामुळे समाजात कोणती खळबळ उडाली, याची चर्चा विपुल आहे. बाप्तिस्म्याने ज्या कराराचा आरंभ होतो, तो पुढे आयुष्यभर कसा पाळला गेला, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला आहे. प्रस्तुत लेखात बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या लेखनाचा व जीवनकार्याचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

संज्ञाविचार

‘बाप्तिस्मा’ हा मूळ ग्रीक शब्द असून बुडवणे, पाण्यात निमज्जन करणे असा त्याचा अर्थ आहे. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने मूळ शब्द जवळजवळ तसाच स्वीकारला. कॅथलिक परंपरेत, विशेषतः वसई परिसरात, ‘स्नानसंस्कार’ ही संज्ञा रूढ आहे. पहिल्या शब्दात वेगळेपणाची खूण आहे, तर दुसऱ्यात स्नान आणि संस्कार या परिचित कल्पनांशी जवळीक आहे. या जवळिकीमुळे एक गैरसमज संभवतो. तीर्थस्नानाने पाप धुतले जाते आणि स्नान पुन्हा पुन्हा करता येते. बाप्तिस्मा मात्र एकदाच घ्यावयाचा असतो. जे वारंवार करावयाचे असते, ते त्या एका दिवशी दिलेल्या वचनाचे पालन होय.

नव्या करारातील दोन संदर्भ येथे महत्त्वाचे आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने बाप्तिस्म्याचा अर्थ ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालणे असा लावला आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शरीराचा मळ जाणे आणि देवासंबंधी शुद्ध विवेकभाव असणे यांत भेद केला आहे. दोन्ही ठिकाणी पाणी ही खूण आहे. भर आहे तो त्यानंतरच्या चालण्यावर. अर्भकाच्या बाप्तिस्म्यात आईवडील व धर्ममातापिता त्याच्या वतीने वचन देतात. कॅथलिक उपासनेत पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री भाविक बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतात. एकदा दिलेले वचन आठवत राहावे लागते, याची ही चर्चने स्वतःच दिलेली कबुली आहे.

‘करार’ या शब्दाचाही विचार आवश्यक आहे. मराठी बायबलने देव आणि मनुष्य यांच्यातील बांधिलकीसाठी हा शब्द योजला. मराठी माणसाला तो कौलकरारातून, जमिनीच्या आणि देण्याघेण्याच्या कागदांतून परिचित आहे. त्यामुळे त्याला दोन पक्ष, अटी आणि मोबदला यांचा वास लागलेला आहे. धर्मांतरितांवर होणारा ‘पोटासाठी बाटला’ हा आरोप याच अर्थाने करार समजून घेतो. बायबलमधील कराराचा आरंभ मात्र देवाच्या कृपेने होतो. मनुष्याचे पालन हे त्या कृपेला दिलेले उत्तर असते, तिची किंमत नसते. या अर्थाला मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘नेम’ हा आहे. नेम पाळणारा विठ्ठलाशी सौदा करीत नाही. तो आपण कोणाचे आहोत हे दररोज स्वतःला सांगत असतो. पुढील विवेचनात बाप्तिस्म्याचा करार या नेमाच्या अर्थाने घेतला आहे.

‘ख्रिस्तपुराण’ : संस्कारानंतरची गरज

मराठीत या प्रश्नाची जाण १७व्या शतकाच्या आरंभीच दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ बाप्तिस्मा घेतलेल्या समाजासाठी लिहिलेला आहे. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी काय वाचावे व ऐकावे, ही नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. गोव्यातील पोर्तुगीज अमलाखालील धर्मांतराचा इतिहास सक्तीच्या आणि दडपणाच्या प्रसंगांनी भरलेला आहे, हे विसरता येत नाही. परंतु त्या पार्श्वभूमीवरही या मागणीचे महत्त्व कमी होत नाही. मस्तकावर पाणी पडले म्हणून मनातील जागा आपोआप भरत नाही. तिला भाषा, कथा आणि श्रवणाचा नित्यक्रम लागतो. विधी आधी आणि आशय नंतर, अशी ही अवस्था आहे. पुढील काळातील मराठी ख्रिस्ती लेखकांना हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा लागला.

बाबा पदमनजी : गुप्त निश्चय आणि जाहीर वचन

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा बाप्तिस्मा ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे झाला. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्राचा मुख्य भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या वैचारिक प्रवासावर आहे. ग्रंथवाचन, मिशन शाळेतील शिक्षण, शंका, तुलना आणि निश्चय अशा टप्प्यांनी ते पुढे सरकते. या प्रवासात परमहंस सभेचा टप्पा विशेष अर्थपूर्ण ठरतो. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या सभेचे सभासद जातिभेद मानीत नसत. प्रवेशाच्या वेळी ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन ते जातिबंधन तोडीत. मात्र हे सारे गुप्तपणे चाले. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि नावे उघड होण्याच्या भीतीने सभाच मोडली.

परमहंस सभेचा विधी आणि बाप्तिस्मा या दोहोंत खाण्यापिण्याच्या व पाण्याच्या द्वारा जुनी ओळख सोडण्याची कृती आहे. भेद आहे तो साक्षीदारांचा. गुप्त निश्चय मोडला तरी जाब विचारणारा कोणी नसतो. जाहीर वचनाला समाज साक्षी असतो आणि तो साक्षी विरोधकांतही असतो. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क रक्षिला असला, तरी घर, पंगत आणि पाणवठा यांचे रक्षण कोणताही कायदा करू शकत नव्हता. ती किंमत उघडपणे मोजण्याची तयारी हा कराराचा पहिला नेम ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञाही लाखोंच्या समुदायाने जाहीरपणे उच्चारल्या होत्या. तेथील श्रद्धेचा आशय पूर्णतः वेगळा आहे. पण नवी ओळख आचाराच्या स्पष्ट प्रतिज्ञांनी बांधली पाहिजे, ही जाणीव तेथेही आहे.

‘अरुणोदया’ची मर्यादाही येथेच नोंदवावी लागते. ग्रंथाचे नाव पहाटेचे आहे आणि त्याचे बळही पहाटेपुरतेच आहे. दिवसभराची वाटचाल त्यात फारशी येत नाही. ती शोधावयाची झाल्यास बाप्तिस्म्यानंतर अवघ्या ३ वर्षांनी, १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’कडे वळावे लागते. मराठीतील आरंभीची कादंबरी म्हणून तिची चर्चा होते. परंतु हिंदू विधवांच्या दुःखाची दखल घेणे हे त्या नवख्रिस्ती लेखकाला आपल्या कराराचे अंग वाटले असावे, या दृष्टीने ती वाचली गेल्यास तिच्यातील प्रचारकी भाग आणि करुणेचा भाग यांची वेगळी पारख करता येते.

पंडिता रमाबाई : करार कोणाशी?

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार हा बाप्तिस्म्याच्या अर्थाविषयी एका भारतीय स्त्रीने केलेला अत्यंत मूलगामी वाद आहे. ख्रिस्ताची आज्ञा म्हणून आपण बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्मगुरू सांगतील ते प्रत्येक मत विवेकाची संमती नसताना स्वीकारण्याचे वचन आपण दिलेले नाही, ही त्यांची भूमिका त्यातून स्पष्ट होते. क्रुसावरील लॅटिन शब्दांऐवजी संस्कृत शब्द असावेत, हा त्यांचा आग्रह वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः त्यामागे एक मोठे तत्त्व आहे. करार देवाशी आहे. तो इंग्लंडच्या चर्चशी, तिच्या भाषेशी किंवा तिच्या आहाराशी नाही.

रमाबाईंच्या १९०७ च्या साक्षीत याहून कठीण कबुली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले. या कबुलीचे दोन अर्थ संभवतात. १८८३ चा बाप्तिस्मा पोकळ होता, हा एक. आणि वचन आधी दिले गेले, त्याचा अर्थ पाळता पाळता उमगला, हा दुसरा. रमाबाईंच्या कार्यक्रमाकडे पाहता दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. मधल्या वर्षांत त्या थांबलेल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार झाला. मुलगी आजारी आहे की निरक्षर आहे, यावर तेथील प्रवेश अवलंबून नव्हता. हिब्रू व ग्रीक शिकून केलेले आणि अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे अशा साध्या मराठीतील बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर २ वर्षांनी, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. संस्कृत विदुषीने आपली विद्वत्ता साध्या भाषेच्या सेवेस लावणे, हे वचनपालनाचे एक उत्कृष्ट उदाहरण होय.

शारदासदनातील मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये झालेला वाद या संदर्भात वगळता येत नाही. धर्मनिरपेक्ष अशी जाहीर केलेली संस्था आणि स्वतःच्या श्रद्धेची साक्ष देण्याची ओढ, या दोन वचनांत त्यांची ओढाताण झाली. देवाशी केलेला करार पाळताना माणसांना दिलेल्या शब्दाचे काय, हा प्रश्न रमाबाईंच्या चरित्राने उभा केला आहे आणि त्याचे सर्वस्वी समाधानकारक उत्तर त्यात मिळत नाही.

‘स्मृतिचित्रे’ : पाण्याआधीचा आणि पाण्यानंतरचा नेम

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधली सुमारे ५ वर्षे हा ‘स्मृतिचित्रां’चा अंतःकरण हेलावणारा भाग आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात बाप्तिस्म्याचा विधी तुलनेने थोडक्यात येतो. त्याआधीचा आणि त्यानंतरचा संसार मात्र सविस्तर येतो. हीच या ग्रंथाची साक्ष आहे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम उलटा आहे. सोवळेओवळे आणि स्पर्शास्पर्श यांचा पगडा त्यांच्यावर वडिलांच्या घरापासून होता. वडिलांचे सोवळ्याचे वेड त्यांनी विनोदाने रंगविले आहे. पण त्या विनोदाखाली त्या धाकात वाढलेल्या मुलीची घुसमट आहे. जात देवाने केली नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि विधीपूर्वीच त्यांनी खाण्यापिण्यातील भेद सोडला. म्हणजे कराराची एक अवघड अट त्यांनी पाण्यापूर्वीच पाळली होती. बाप्तिस्म्याने त्यांचे आचरण बदलले असे म्हणण्यापेक्षा, बदललेल्या आचरणाला बाप्तिस्म्याने नाव दिले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पुढील काळात हा नेम घरातच कसाला लागतो. दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात अनाथ मुले घरात येतात, हातात पैसा टिकत नाही, टिळक असेल ते देऊन मोकळे होतात आणि चूल लक्ष्मीबाईंना चालवावी लागते. टिळकांचे औदार्य हा एक नेम. त्या औदार्याचा रोजचा हिशेब निभावणे हा दुसरा. पहिल्याचे कौतुक सर्वत्र झाले, दुसऱ्याचे मोल ‘स्मृतिचित्रां’मुळेच कळते. लक्ष्मीबाई आपली साक्ष उपदेशाच्या स्वरात देत नाहीत. स्वतःच्या चुका, भीती आणि हट्ट यांना हसत त्या बोलतात. धार्मिक आत्मकथनात सहजच शिरणारा आत्मगौरव या हास्याने दूर राहतो. ‘अरुणोदय’ वाचकाला पटवू पाहते. ‘स्मृतिचित्रे’ वाचकाला आपल्या घरात बसवून घेतात. बाप्तिस्म्याचे आध्यात्मिक महत्त्व समजून घेण्यासाठी दुसरा ग्रंथ अधिक उपयोगी पडतो, तो या कारणाने. टिळकांनी अपुरे ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’चे बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, शेवटी पुत्र देवदत्त यांचाही हात लागून ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्याने सोडलेले वचन पुरे करण्याची ही कृतीही त्याच नेमाचा भाग मानावी लागते.

टिळकांचा दरबार : पाण्यावाचून करार?

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. १८९५ मध्ये बाप्तिस्म्यासाठी घरदार दुरावलेल्या आणि १९०४ मध्ये पाळकाची दीक्षा झालेल्या माणसाने २२ वर्षांनी अशी भूमिका घ्यावी, हे वरकरणी विसंगत वाटते. मिशनरी वर्तुळात ती शंकेचा विषय होणे स्वाभाविक होते.

या भूमिकेमागे टिळकांचा अनुभव होता. मिशनचे वेतन, परदेशी अधिकार आणि परकी उपासनापद्धती यांमुळे बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताशी करार न राहता एका परक्या संस्थेत भरती होणे, असा अर्थ लोकांच्या मनात रुजला होता. अभंग आणि कीर्तन यांतून त्यांनी उपासनेला मराठी रूप दिले, तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानले. दरबार ही त्याच प्रयत्नाची पुढची पायरी होती. टिळकांनी स्वतःचा बाप्तिस्मा कधी नाकारला नाही. विधी घेतलेल्यांनी करार पाळला नाही आणि न घेतलेल्यांनी पाळला, तर देवाच्या दरबारात कोणाला जागा, हा प्रश्न त्यांनी चर्चपुढे ठेवला.

तथापि, चर्चची बाजूही विचारार्ह आहे. पाणी ऐच्छिक ठरले की वचनाला साक्षीदार उरत नाही आणि भक्ती खासगी भावनेपुरती राहण्याचा धोका संभवतो; परमहंस सभेचा शेवट हा त्याचा इतिहासातील दाखला आहे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबाराला २ वर्षेही पुरती मिळाली नाहीत, त्यामुळे त्याची कसोटी लागली नाही. प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

समूहाचा करार

वरील चारही लेखक साक्षर, ग्रंथवाचक वर्गातील असून त्यांतील तिघे ब्राह्मण कुळात जन्मलेले आहेत. मराठी ख्रिस्ती समाजातील बहुसंख्या अशी नव्हती. अहमदनगर, जालना आणि अन्य भागांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांची आत्मकथने १९व्या शतकात लिहिली गेली नाहीत. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसविलेल्या बेथेलसारख्या वस्तीत अशा कुटुंबांच्या दृष्टीने बाप्तिस्म्याचा अर्थ एका पंगतीत बसणे, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणे आणि मुलाला पाटी मिळणे हा होता. तो आध्यात्मिक अर्थाहून खालच्या दर्जाचा मानणे ही समीक्षेची चूक ठरेल.

येथे कराराची दुसरी बाजू पुढे येते. बाप्तिस्म्याच्या वेळी केवळ नवशिष्य वचन देत नाही. त्याला सामावून घेणारी मंडळीही वचन देते. चर्चमध्ये जातीच्या खुणा जेथे टिकून राहिल्या, विवाहसंबंध जुन्या कुंपणांतच राहिले, तेथे करार मंडळीने मोडला, असे म्हणावे लागते. राज्यव्यवस्थेने या गुंतागुंतीत भर घातली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशान्वये धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. कायद्याच्या लेखी बाप्तिस्म्याने जात संपते. गावाच्या लेखी ती संपत नाही. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला वचनपालनाची किंमत दुप्पट मोजावी लागते. अशा माणसाची साक्ष मराठी वाङ्मयात अद्याप पुरेशी आलेली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनात बाप्तिस्मा हा शेवट नसून आरंभ आहे, त्याचा अर्थ नंतरच्या आचरणातून ठरत जातो.

२) ‘करार’ या शब्दातील देण्याघेण्याची छटा बाजूला ठेवून ‘नेम’ या देशी संकल्पनेच्या आधारे बाप्तिस्म्याचा विचार केल्यास ‘पोटासाठी धर्मांतर’ या सरधोपट आरोपाची व्यक्तिपरत्वे पारख करता येते. ज्याने पुढे नेम पाळला, त्याच्या आरंभाच्या हेतूवर संशय घेणे अवघड होते.

३) बाबा पदमनजींच्या उदाहरणातून वचनाच्या जाहीरपणाचे, रमाबाईंच्या उदाहरणातून विवेकस्वातंत्र्याचे, लक्ष्मीबाईंच्या उदाहरणातून दैनंदिन निष्ठेचे आणि टिळकांच्या उदाहरणातून विधी व भक्ती यांच्यातील तणावाचे महत्त्व लक्षात येते.

४) करार उभयपक्षी असल्याने त्याच्या पालनाची जबाबदारी एकट्या धर्मांतरितावर टाकता येत नाही, मंडळीच्या वर्तनाचीही तीच कसोटी आहे.

गाडगेबाबांना मानणाऱ्या वऱ्हाडी माणसाने येथे एक प्रश्न विचारला, तर तो रास्तच ठरेल. आचरणच सर्व काही असेल, तर पाणी कशाला? बाबांसारख्या एखाद्याला त्याची गरज पडत नाही, हे मान्य करावे लागते. सामान्य माणसाला मात्र आपला शब्द कोणीतरी ऐकलेला असावा लागतो, म्हणजे तो मोडताना त्याचे मन कचरते. माळ गळ्यात असली की हात दारूच्या पेल्याकडे जाताना थबकतो. मस्तकावर पडलेले पाणी क्षणात वाळून जाते. त्या वेळी चारचौघांत दिलेला शब्द वाळत नाही. बाप्तिस्म्याचे सामर्थ्य या आठवणीत आहे आणि तिचे ओझेही तेथेच आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे उत्तम अंश हे ओझे वाहणाऱ्यांनी लिहिले आहेत.